आतड्यांच्या दाहरोगाची गणती आणि खानदेशी दप्तरातील रोगनामे

एखाद्या प्रदेशात एखादा रोग किती जणांना होतो, हा प्रश्न वरकरणी वैद्यकाचा आणि संख्याशास्त्राचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडू नये, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. तथापि गणती करावयाची म्हणजे गणावयाच्या वस्तूला आधी नाव द्यावे लागते. आणि ते नाव विचारणाऱ्याच्या तोंडी एक, सांगणाऱ्याच्या तोंडी दुसरे व लिहिणाऱ्याच्या दप्तरात तिसरेच असले, तर हाती येणारी संख्या नेमकी कशाची, हा प्रश्न भाषेचाच होऊन बसतो. आतड्यांच्या जुनाट दाहरोगाच्या बाबतीत, आणि विशेषतः नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात, तो कसा उभा राहतो हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ज्या रोगांविषयी येथे लिहावयाचे आहे ते दोन. डॉक्टर ज्याला 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' म्हणतात तो मोठ्या आतड्याचा व्रणदाह हा एक. आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कोठेही, पण बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ठाण मांडणारा क्रोनचा रोग हा दुसरा. दोन्ही तरुण वयात सुरू होतात, दोन्हींत महिनोन्‌महिने बरे वाटून रोग पुन्हा उलटतो, आणि दोन्हींचे मूळ कारण एकाच जंतूकडे बोट दाखवून सांगता येत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, येथपर्यंत ज्ञान आले आहे. जुलाब, रक्त, कळ, वजन घटणे, अंगात रक्त नसणे ही त्यांची बाह्य चिन्हे. आणि या चिन्हांपैकी एकही असे नाही की जे आपल्या प्रांतात दुसऱ्या दहा कारणांनी होत नाही. सगळी अडचण येथे आहे.

भारतात या रोगांची घरोघर जाऊन गणती क्वचितच झाली. हरियाणातील पाहणीचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत व्रणदाहाचे प्रमाण दर लाख लोकांमागे ४२.८ असे आले. पुढे पंजाबात अजित सूद व त्यांचे सहकारी यांनी ५१,९१० व्यक्तींची पाहणी केली व तिचा वृत्तांत २००३ मध्ये प्रसिद्ध केला. तीत २३ रुग्ण आढळले, म्हणजे लाखास ४४.३. वर्षभराने त्याच वस्त्यांत पुन्हा जाऊन ४९,८३४ जणांची विचारपूस केली असता तीन नवे रुग्ण मिळाले. त्या काळापर्यंत हा रोग पाश्चात्त्यांचा, सुखवस्तूंचा, आपल्याकडे विरळा, असा जो समज वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतून रूढ होता त्याला या आकड्यांनी चांगलाच धक्का दिला.

आता कोणासही मोह होईल की, नंदुरबार जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या १६,४८,२९५ आहे. तिला पंजाबचे प्रमाण लावले की झाले. गुणाकार सोपा आहे, उत्तर सुमारे ७३० येते. परंतु मूळ आकडा अवघ्या २३ रुग्णांवर उभा आहे. केवळ योगायोगाचा चढउतार हिशेबात घेतला तरी पंजाबातलेच खरे प्रमाण लाखास सुमारे २८ पासून ६६ पर्यंत कोठेही असू शकते. म्हणजे आपले ७३० हे ४६० ही असतील आणि १,०९० ही. त्यातही लुधियानाच्या आसमंतातील गव्हाच्या शेतीवर जगणारा, बऱ्यापैकी सधन समाज आणि सातपुड्यातील ज्वारी-भगरीवर जगणारा, वर्षाचे काही महिने ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणारा भिल्ल-पावरा समाज यांची आतडी एकाच हिशेबाने आजारी पडतात, हे गृहीत धरण्यास काही आधार नाही. उसना आकडा हा आकडाच नव्हे.

मग जुने दप्तर काय सांगते? खानदेश १८१८ मध्ये इंग्रजी अमलाखाली आला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशाला पुढे धुळे हे नाव मिळाले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके वेगळे निघून आजचा जिल्हा झाला. मृत्यूची नोंद ठेवण्याची जी पद्धत मुंबई इलाख्यात १८६० नंतर बसत गेली तीत मरणाची कारणे थोड्याच रकान्यांत घातली जात: पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार म्हणजे हगवण व आव, अपघात, आणि उरलेली सर्व कारणे. १८९६ नंतर प्लेगचा रकाना त्यात आला. गावात कोण कशाने मेले हे सांगणारा बहुधा पाटील. त्याला कोणी वैद्यक शिकविले नव्हते आणि शिकविण्याचा कोणाचा विचारही नव्हता. घरच्यांनी सांगावे, पाटलाने ते आपल्या समजुतीने घ्यावे, कारकुनाने रकान्यात बसवावे आणि वरच्या कचेरीत त्याचे इंग्रजी व्हावे, अशा चार हातांतून एकेक मरण पुढे सरकत असे. यांतील प्रत्येक हात म्हणजे एक भाषांतर होते, ही गोष्ट या दप्तरांवर विसंबून लिहिणाऱ्या इतिहासकारांनी पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

रकान्यांची ही व्यवस्था मूर्खपणाची होती असे मात्र म्हणवत नाही. सरकारला साथीची धास्ती होती आणि साथ ओळखण्यापुरते हे रकाने उपयोगी होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला विक्रम संवत १९५६ वरून छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, गुजरात आणि खानदेश होरपळून निघाले. उपासमारीने खंगलेली माणसे त्या वेळी मोठ्या संख्येने मेली ती पटकी, आव व हगवणीने. रकान्यातला आकडा अशा वर्षी उसळी मारतो व इतिहासकाराला दिसतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचेही तेच. बहुतेक मरणे 'ताप' या रकान्यात गेली, तरी उसळीवरून ती ओळखू येतात. परंतु ज्या रोगाची साथ येत नाही, जो दरसाल दर गावात एखाददुसऱ्याला गाठून पाच-दहा वर्षे झिजवतो, तो या दप्तरात उसळी मारीत नाही. 'पोटाचे विकार' या शब्दांच्या तळाशी तो बसून राहतो. आपल्या खेड्यांतही पटकीसाठी मरीआई होती, तिचा गाडा शिवेबाहेर नेला जाई. वर्षानुवर्षे एकट्याने सोसलेल्या पोटदुखीसाठी गाडा निघत नसे. सरकारचा रकाना आणि गावाची मरीआई यांची नजर या बाबतीत एकच होती.

रोगनामाचा प्रवास किती फसवा असतो याचे सर्वांत जुने व सर्वांत बोलके उदाहरण खानदेशाचे नसून गोमंतकाचे आहे. पण ते मराठीच्या घरातले असल्याने व पोटाच्याच विकाराचे असल्याने येथे नोंदविणे अगत्याचे वाटते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात पटकीचे वर्णन केले आणि तिचे स्थानिक नाव 'मोर्शी' असे दिले. हे नाव म्हणजे आपली मोडशी. 'मोडणे' या धातूशी तिचा संबंध लावला जातो. पुढे हा शब्द युरोपीय प्रवाशांच्या तोंडी 'मोर्देशी' असा झाला, आणि फ्रेंच कानांना त्यात आपल्या भाषेतील 'मोर द शिएँ' म्हणजे 'कुत्र्याचे मरण' ऐकू आले. मग या रोगाने माणूस कुत्र्याच्या मोताने मरतो म्हणून हे नाव पडले, असे स्पष्टीकरणही तयार झाले. यूल व बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात ही हकीकत सविस्तर उलगडली आहे. ध्यानात घेण्यासारखे हे की, गोव्यात एके काळी घातक पटकीला लावला जाणारा हाच शब्द आज महाराष्ट्रात साध्या अपचनाच्या उलटी-जुलाबाला वापरतात; पोराला मोडशी झाली तर आजी ओव्याचे पाणी देते आणि कोणी घाबरत नाही. नाव तेच राहिले, रोग बदलला. जुन्या कागदात 'मोडशी' दिसली की ती कोणती, हे काळ व स्थळ पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

संग्रहणी या शब्दाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. माधवनिदानात ज्वरानंतर अतिसार, त्यानंतर ग्रहणी आणि त्यानंतर अर्श असा क्रम आहे. 'ग्रहणी' हे मुळात एका अवयवाचे, जठराग्नीच्या आश्रयस्थानाचे नाव; त्या स्थानाच्या दुष्टीला तेच नाव मिळाले. अतिसारात मळ पातळ होऊन जातो. ग्रहणीत तो कधी बांधलेला, कधी पातळ, असा आलटून पालटून होतो, अन्न पचत नाही, माणूस वाळत जातो आणि रोग दीर्घकाळ टिकतो. व्यवहारातल्या मराठीत ग्रहणीची संग्रहणी झाली आणि कोणत्याही हट्टी, न थांबणाऱ्या जुलाबांसाठी ती वापरली जाऊ लागली. इंग्रजी अमदानीतील डॉक्टरांनी तिला कधी स्प्रू म्हटले, कधी जुनाट आव. आजही काही उत्साही मंडळी संग्रहणी म्हणजेच क्रोनचा रोग असे समीकरण मांडून आपल्या पूर्वजांना तो ठाऊक होता असा निर्वाळा देतात. असे समीकरण कोणत्याही बाजूने टिकत नाही. संग्रहणीत क्रोनचे रुग्ण असतील, नव्हे असलेच पाहिजेत. पण तीत क्षयाचे, जंतांचे, अमीबाचे, अपपोषणाचे रुग्णही असणार. शब्द लक्षणांच्या एका ठेवणीला दिलेला आहे, कारणाला नव्हे. याउलट आतड्याच्या दाहरोगाचे आजचे नाव पेशींच्या रचनेला दिलेले आहे. ती डोळ्याला दिसते ती दुर्बिणीने आणि आतड्याचा तुकडा काढून तपासल्यावर. ही दोन नावे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

नामकरणाचा हा गोंधळ केवळ आपल्या प्रांताचा होता असे समजण्याचे कारण नाही. 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' हे नाव वैद्यकात रूढ झाले त्याचा आरंभ एका खून खटल्यात आहे. १८५९ मध्ये इंग्लंडात इझाबेला बँक्स नावाची स्त्री जुलाब व उलट्यांनी मरण पावली, आणि तिच्याशी दुसरा विवाह केलेला डॉक्टर टॉमस स्मेटहर्स्ट याने तिला विष घातले असा आरोप आला. तिची आतडी तपासणाऱ्या सॅम्युएल विल्क्स यांनी ती दाह व व्रणांनी भरलेली आढळल्याचे लिहिले. स्मेटहर्स्टला फाशीची शिक्षा झाली, मग वैद्यकीय पुराव्यावरच ती रद्द झाली आणि द्विभार्याप्रतिबंधाच्या गुन्ह्यासाठी त्याला वर्षभराची कैद मिळाली. याहून गमतीची गोष्ट अशी की, लहान आतड्याचा शेवटचा भागही सुजलेला होता यावरून तो रोग व्रणदाह नसून क्रोनचा असावा, असे मत पुढे मांडले गेले. म्हणजे ज्या रुग्णावरून नाव पडले तोच रुग्ण कदाचित त्या नावाचा नव्हता! डाल्झील यांनी १९१३ मध्ये स्कॉटलंडात अशा रुग्णांचे वर्णन केले होते. परंतु १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर यांनी चौदा रुग्णांवरील निबंध प्रसिद्ध केला तेव्हा रोगाला स्वतंत्र अस्तित्व मिळाले, आणि वर्णक्रमात ज्याचे नाव आधी येत होते त्याच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला.

आपल्याकडे क्रोनच्या रोगाचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे आतड्याचा क्षय. दोघांची आवडती जागा एकच, लहान व मोठ्या आतड्याचा सांधा. दोघांत ताप, दोघांत वजन घटणे, दोघांत आतडे अरुंद होणे. टंडन व प्रकाश यांनी १९७२ मध्ये आतड्याच्या क्षयाची विकृती व क्रोनपासून तिचा वेगळेपणा यावर जो निबंध लिहिला तो याच अडचणीतून निघाला. शंका असेल तेथे आधी क्षयाची औषधे देऊन काही महिने वाट पाहावयाची, हा आपल्याकडचा रिवाज. आणि जेथे क्षय घरोघर आहे तेथे तो अविचाराचा म्हणता येणार नाही, कारण क्षय असताना दाह शमविणारी स्टेरॉइडे दिली तर अनर्थ ओढवतो. पण त्या रिवाजाची किंमत कोणी तरी मोजत असतो. प्रस्तुत लेखकाचे एक मामा शहादे तालुक्यात शेती करीत. रक्त पडते म्हणून सहा वर्षे त्यांची मूळव्याध झाली, नंतर दोन वर्षे आव झाली, मग क्षय झाला व त्याची औषधे त्यांनी दोनदा पुरी केली; मोठ्या शहरात आतड्याची दुर्बिणीने तपासणी होऊन व्रणदाह ठरला तेव्हा मोठ्या आतड्याचा बराच भाग काढून टाकावा लागला. त्या दहा-अकरा वर्षांत ज्या ज्या कागदावर त्यांची नोंद झाली त्या प्रत्येक कागदावर ते दुसऱ्याच रोगाच्या संख्येत भर घालीत होते. कोणाचा दोष काढण्यासाठी हे लिहीत नाही. 'मूळव्याध' हा शब्द आपल्या समाजात गुदावाटे पडणाऱ्या सगळ्याच रक्ताचे पांघरूण झालेला आहे. तो रुग्ण स्वतःच उच्चारतो, आणि उच्चारल्यावर पुढे कोणी विचारीत नाही.

आता नंदुरबारच्या भाषांकडे वळले पाहिजे, कारण गणती करणारा माणूस शेवटी एखाद्या पाड्यावर जाऊन कोणत्या तरी भाषेत प्रश्न विचारणार आहे. जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. भिली, पावरी, मावची, देहवाली, कोकणी या त्यांच्या बोली, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, शाळा-कचेरीत मराठी. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीच्या खंडात खानदेशीला भिल्ल भाषांच्या आणि बंजारीच्या शेजारी बसविले आहे. त्यापूर्वी व त्यानंतरही अनेकांनी तिला मराठीची बोली मानले. जनगणनेत पावरी, मावची, वसावे यांसारख्या बोली 'भिली' या एका नावाखाली एकवटल्या जातात, तर अहिराणी व गुजरी 'खानदेशी' या नावाखाली. भाषांचा हा रकाना आणि 'पोटाचे विकार' हा मृत्यूचा रकाना यांचे साम्य वाचकांच्या लक्षात येईलच. शासनाला मोजण्यासाठी मोठी पिशवी लागते; पिशवीत काय काय होते हे नंतर पिशवीवरून कळत नाही.

याचा प्रत्यक्ष अनुभव काही वर्षांपूर्वी आला. पोटाच्या विकारांविषयीच्या एका प्रश्नावलीची मराठी तपासून द्यावी अशी विनंती आल्याने शहादे व तळोदे तालुक्यांतील काही गावांत मी प्रश्न विचारणाऱ्यांबरोबर हिंडलो. पहिला प्रश्न असा होता: 'आपणांस वारंवार अतिसाराचा त्रास होतो काय?' एका अहिराणी बोलणाऱ्या वृद्धेने शांतपणे नाही म्हटले. अतिसार हा शब्द तिने रेडिओवर ऐकला होता आणि तो लहान मुलांना होणारा व मीठ-साखरेच्या पाण्याने जाणारा आजार, अशी तिची रास्त समजूत होती. दुसरा प्रश्न शौचावाटे रक्त पडण्याचा, त्यालाही नाही. बरोबरच्या मुलीला ते पटले नसावे. ती त्याच गावची, बारावी झालेली. कागद खाली ठेवून तिने विचारले, "मावशी, रातले उठनं पडस का?" म्हणजे रात्री उठावे लागते का. त्यावर वृद्धेने सुनेकडे एकदा पाहिले व म्हणाली, रोजच, दोनदा, तीनदा. मग हळूहळू बाकीचे निघाले: रक्त पडते, पण ते मूळव्याधीचे, ते कशाला सांगायचे. रात्री झोपेतून उठवणारी शौचाची घाई हे निव्वळ आतड्याच्या चिडचिडेपणाचे लक्षण सहसा नसते, ते आतील दाहाकडे बोट दाखवते, असे मागाहून एका डॉक्टरांनी मला सांगितले. छापील प्रश्नावलीत हा प्रश्न नव्हताच.

येथे लाजेचे व्याकरणही विचारात घ्यावे लागते. मराठीत या क्रियेसाठी सरळ शब्द आहे, पण तो परक्यापुढे उच्चारता येत नाही. त्याच्या जागी परसाकडे जाणे, बाहेर जाणे, दिशेला जाणे, झाड्याला जाणे असे आडपडद्याचे प्रयोग येतात. ते सर्व जाण्याविषयी बोलतात, तेथे काय झाले त्याविषयी नाही. म्हणून 'किती वेळा जावे लागते' याचे उत्तर मिळते, 'कसे होते' याचे मिळत नाही. विचारणारा पुरुष व सांगणारी सून असेल तर तेही मिळत नाही. घरी संडास झाल्यावर हा प्रश्न सुटेल असे कोणी म्हणेल. पण रात्री मागच्या दारी किती वेळा कडी वाजली हे आता घरातल्यांना ऐकू येते, म्हणून तो थोडा अवघडही झाला आहे.

असे असूनही या जिल्ह्यात रोगाची गणती होऊच शकत नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. कारण दुसऱ्या एका रोगाची ती झालेली आहे. रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा विकार, ज्याला आता सर्वत्र सिकल सेल असेच म्हणतात, तो भारतात प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील जमातींत आढळला. पश्चिम भारतातील जमातींविषयीचा सुकुमारन, संघवी व व्यास यांचा लेख १९५६ मध्ये आला. पुढे काटे व लिंगोजवार यांनी २००२ मध्ये महाराष्ट्राचा जो आढावा प्रसिद्ध केला त्यानुसार राज्यातील आदिवासी जमातींत वाहकांचे सरासरी प्रमाण सुमारे १० टक्के असून भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांसारख्या काही जमातींत ते २० ते ३५ टक्क्यांपर्यंत जाते. आणि ज्या जिल्ह्यांत प्रत्यक्ष रुग्णांची संख्या प्रत्येकी पाच हजारांवर असावी असा त्यांचा अंदाज होता त्यांत गडचिरोली, चंद्रपूर आदींबरोबर नंदुरबारही आहे. १ जुलै २०२३ रोजी, म्हणजे योगायोगाने जिल्ह्याच्या वाढदिवशी, या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली.

हे साधले कसे? रक्ताचा थेंब घेतला की पेशी स्वतःच साक्ष देतात. तेथे रुग्णाला आपल्या रोगाचे नाव ठाऊक असावे लागत नाही, पाटलाला ते ऐकावे लागत नाही आणि कारकुनाला रकाना शोधावा लागत नाही. भाषांतराचे चारही हात वगळले जातात. आतड्याच्या दाहरोगात असा एक थेंब नाही. मळातील कॅल्प्रोटेक्टिन नावाच्या द्रव्याची तपासणी दाह असल्याचे सुचविते, पण तो दाहरोगाचा की जंतूंचा हे सांगत नाही; आणि शेवटी दुर्बिणीची तपासणी लागतेच. तेवढ्यासाठी कोणाला बोलवावयाचे, हे ठरते ते सुरुवातीच्या तोंडी प्रश्नांवरून. पंजाबातही तसेच झाले होते: आधी घरोघर विचारपूस, मग संशयितांची तपासणी. फरक इतकाच की तेथे विचारणाऱ्याची व सांगणाऱ्याची पंजाबी एक होती.

रुग्णालयांच्या नोंदवह्यांवरून अंदाज बांधता येईल, असेही सुचविले जाते. नंदुरबारला अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले हे खरे. पण जिल्ह्यातला रुग्ण सुरतेला जातो, धुळ्याला जातो, नाशिक-मुंबईला जातो, आणि धडगावकडचा पुष्कळदा कोठेच जात नाही. नोंदवही ही जे पोचले त्यांची यादी असते. मात्र हैदराबादच्या रूपा बॅनर्जी व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेले काम या दृष्टीने मोलाचे आहे. त्यांनी दुर्बीण घेऊन खेड्यांपर्यंत गाडी नेली आणि पोटाच्या तक्रारी असलेल्या तीस हजारांहून अधिक शहरी व ग्रामीण लोकांची तपासणी जमेस धरली. सुमारे वीसांत एकाला दाहरोग निघाला आणि खेडे व शहर यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. हे प्रमाण तक्रार घेऊन आलेल्यांतले आहे, सबंध लोकसंख्येतले नव्हे, हे विसरता कामा नये. पण हा शहरी रोग आहे, खेड्यात नसतो, या म्हणण्याला आता जागा उरली नाही.

तेव्हा नंदुरबारसाठी प्रश्नावली करावयाची झाल्यास ती आधी मराठीत लिहून मग पावरीत व मावचीत उतरविणे हा उलटा मार्ग होईल. प्रत्येक बोलीत रात्री उठणे कसे म्हणतात, रक्ताला मूळव्याधीवाचून दुसरा शब्द आहे काय, आव आणि जुलाब यांत तेथील माणूस भेद करतो काय, हे त्या बोलीच्या बायकांकडून, शक्यतो त्यांच्याच गावच्या मुलीकडून, प्रथम गोळा करावे लागेल. ज्या मुलीबरोबर मी हिंडलो तिने परत येताना आपल्या प्रतीवर पहिला प्रश्न पेन्सिलीने खोडून त्या जागी स्वतःचा लिहिला होता. तपासलेल्या मराठीबरोबर मी तीच प्रत पाठवून दिली. छापून आलेल्या प्रश्नावलीत 'अतिसार' कायम होता.